‘अनफरगॉटन’चा पहिला सीझन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या, न उलगडलेल्या खुनांवरच्या मालिकांबद्दल बोलणं निघालं की मी सगळ्यात आधी ‘अनफरगॉटन’चं नाव घेतो. ते ऐकून ज्यांनी ती पाहिली, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खुनी कोण, हे या पानावर कुठेही सांगितलेलं नाही. पहिल्या दोन-तीन भागांत उघड होणाऱ्या गोष्टी मात्र आहेत. तेवढंही नको असेल तर आधी मालिका पाहा आणि मग इकडे या.

मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

लंडनच्या वायव्येला विल्सडन नावाचा भाग आहे. तिथलं एक जुनं घर पाडताना मजुरांना जमिनीखाली माणसाचा सांगाडा सापडतो. हाडं किती जुनी आहेत, कुणाची आहेत, हा खून आहे की आणखी काही, सुरुवातीला कशाचाच पत्ता नसतो. डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर कॅसी स्टुअर्ट आणि तिचा सहकारी सनी खान तपास हातात घेतात. पुढे कळतं की हा जिमी सलिव्हन. घर सोडून लंडनला आलेला, राहायला छप्पर नसलेला पोरगा, १९७६ मध्ये नाहीसा झालेला. मालिका घडते २०१५ मध्ये, म्हणजे मधे ३९ वर्षं गेली आहेत.

या ३९ वर्षांत जिमीची आई मॉरीन वाट पाहत राहिली. मुलगा गेला की कुठे जिवंत आहे, हेच तिला कुणी सांगितलेलं नाही. मालिकेचा जीव मला इथे वाटतो. खुनाचा तपास हा तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता आहे.

किती भाग आहेत? कुणी बनवली?

पहिल्या सीझनचे ६ भाग. पहिला भाग ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ८ ऑक्टोबर २०१५ रोजी दाखवला गेला. लेखन ख्रिस लँग यांचं, दिग्दर्शन अँडी विल्सन यांचं, निर्मिती मेनस्ट्रीट पिक्चर्सची. श्रेयनामावलीला वाजणारं हळवं गाणं ‘ओ वंडर’ या जोडगोळीचं आहे. २०२५ पर्यंत ६ सीझन आले, आणि प्रत्येक सीझनमध्ये एकच प्रकरण सुरू होऊन संपतं.

पहिल्या भागात इतकी माणसं येतात की गोंधळ उडतो. कोण कोण आहे?

गोंधळ होणारच, कारण लेखकाने तो मुद्दाम ठेवला आहे. पोलीस हाडांभोवती असताना मधेमधे चार वेगळीच घरं दिसत राहतात. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे आपल्यालाही कळत नाही आणि पोलिसांना तर ही माणसं ठाऊकच नसतात.

पहिले सर फिलिप क्रॉस. गडगंज उद्योगपती, राजकारणात वजन असलेला, पण तरुणपणी ज्यांच्यासोबत वावरला त्यांची आज ओळखही नको असलेला माणूस. दुसरे फादर रॉबर्ट ग्रीव्ह्ज, बायकामुलं असलेले, वस्तीत मान असलेले पाद्री. तिसरी लिझी विल्टन. ती आणि तिचा कृष्णवर्णीय नवरा रे मिळून गरीब वस्तीतल्या मुलांसाठी मनापासून काम करतात. चौथे एरिक स्लेटर, व्हीलचेअरवर असलेले वृद्ध गृहस्थ. त्यांच्या पत्नीला, क्लेअरला, डिमेन्शिया आहे आणि ते तिची काळजी घेत दिवस काढताहेत.

हाडांजवळ मिळालेल्या गाडीच्या किल्लीवरून माग निघतो, तो जिमीच्या डायरीपर्यंत जातो आणि त्या डायरीत या चौघांशी जुळणारी नावं निघतात. इथून पुढे चारही घरांत पोलीस दार ठोठावतात. खून एकच झाला, पण लपवाछपवी चौघांनीही आपापल्या परीने केलेली असते. लिझीचंच पाहा. आज तिच्या घरात जे सुख आहे, त्याच्या अगदी उलट टोकाला ती एकेकाळी उभी होती. वर्णद्वेष्ट्या टोळक्यांत वावरलेली ही बाई, आणि हे तिच्या नवऱ्याला ठाऊक नाही. तिने खून केला असो वा नसो, तिचं घर त्या चौकशीने हादरतंच.

सोपी युक्ती सांगतो. पहिला भाग पाहताना नावं लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका, चेहरे आणि घरं लक्षात ठेवा. दुसऱ्या भागाच्या मध्यापर्यंत सगळं आपोआप जागेवर बसतं.

फार संथ आहे असं ऐकलं. खरं आहे का?

पाठलाग, गोळीबार, दर दहा मिनिटांनी मृतदेह, असलं काही इथे मिळणार नाही. ज्यांना तेच हवं असतं त्यांनी ही मालिका सोडून द्यावी, उगाच हिरमोड होईल.

पण संथ म्हणावं असं मला वाटत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पोलीस एखाद्या सत्तरीच्या माणसाला साधा प्रश्न विचारतात, “तुम्ही जिमी सलिव्हनला ओळखत होता का?” आणि समोरच्याचा चेहरा एक क्षणभर पडतो. शेजारी बसलेली बायको ते पाहते. चाळीस वर्षांच्या संसारात तिने हे नाव कधी ऐकलेलं नसतं. पोलीस निघून गेल्यावर त्या दोघांत जे होतं, त्यात मला कुठल्याही पाठलागापेक्षा जास्त धडधडलं.

कॅसी आणि सनी या जोडीचं एवढं कौतुक का होतं?

कारण ती दोघं साधी माणसं आहेत. टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह म्हटला की दारू, तुटलेला संसार, वरिष्ठांशी भांडण आणि अलौकिक बुद्धी असा साचा ठरून गेलेला. कॅसी वडिलांसोबत आणि मुलांसोबत राहते, सनी एकटा दोन मुलींना वाढवतो. दोघं चिकाटीने काम करतात, एकमेकांचं ऐकून घेतात, आणि संशयिताशीही सभ्यपणे बोलतात.

कॅसीची भूमिका निकोला वॉकर यांची. त्याच ऑक्टोबर महिन्यात बीबीसीवर ‘रिव्हर’ ही दुसरी पोलीस मालिका सुरू झाली, तिच्यातही त्या होत्या. दोन्हींतलं काम इतकं वेगळं आहे की शेजारीशेजारी पाहावं. कॅसी ऐकत असते तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या. मॉरीनला बातमी सांगायला जाते तो प्रसंग मी विसरू शकत नाही. आवाज चढत नाही, डोळ्यांतून पाणी काढायची घाई नाही. समोरच्या बाईला तिच्या मुलाचं नाव पूर्ण उच्चारून सांगितलं जातं आणि मग तिला गप्प बसायला जेवढा वेळ हवा, तेवढा दिला जातो. मॉरीन झालेल्या फ्रान्सेस टोमेल्टी यांनीही तो प्रसंग तितक्याच संयमाने केला आहे.

सनी झालेले संजीव भास्कर यांची ओळख ब्रिटनमध्ये आधी विनोदी नट म्हणून. ‘गुडनेस ग्रेशस मी’ आणि ‘द कुमार्स अ‍ॅट नंबर ४२’ या कार्यक्रमांनी तिथल्या भारतीय कुटुंबांची गंमत घराघरांत पोचवली. तोच माणूस इथे पाठीला बॅग अडकवून शांतपणे कागद चाळताना दिसतो. सनीचं भारतीय वंशाचं असणं कथेत कुठेही कौतुकाचा किंवा समस्येचा विषय केलेलं नाही. तो कामात चोख आहे, बस. परदेशी मालिकांत आपल्यासारखे चेहरे पाहायची सवय असलेल्यांना यातला फरक लगेच कळेल.

बाकीचे कलाकार?

एरिक स्लेटर झालेले टॉम कोर्टनी. या भूमिकेसाठी त्यांना २०१६ चा बाफ्टा टेलिव्हिजन पुरस्कार, सहायक अभिनेत्याचा, मिळाला. त्याच्या पन्नास वर्षं आधी ‘डॉक्टर झिवागो’साठी ते ऑस्करच्या यादीत होते. क्लेअर झालेल्या जेमा जोन्स. फादर ग्रीव्ह्ज म्हणजे ‘टायटॅनिक’मधले कप्तान, बर्नार्ड हिल, जे मे २०२४ मध्ये वारले. लिझी आहेत रूथ शीन.

आणि सर फिलिप झालेले ट्रेव्हर इव्ह. बीबीसीच्या ‘वेकिंग द डेड’ या मालिकेत त्यांनी २००० ते २०११ अशी अकरा वर्षं जुने खून उघडणाऱ्या पथकाच्या प्रमुखाचं काम केलं. त्यांना इथे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, संशयित म्हणून बसवलं आहे. ज्यांनी ती जुनी मालिका पाहिली, त्यांना ही निवड खास आवडते.

१९७६ हेच साल का?

लेखकाच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण हे साल कथेला किती उपयोगी पडतं ते दिसतं. १९७६ चा उन्हाळा ब्रिटनमध्ये आजही लोक आठवतात. कडक ऊन आणि दुष्काळ असा की सरकारला त्यासाठी वेगळी जबाबदारी देऊन मंत्री नेमावा लागला. देशाची आर्थिक अवस्था इतकी बिकट की त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला.

नॅशनल फ्रंटसारख्या वर्णद्वेष्ट्या संघटना रस्त्यावर उतरत होत्या. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये पोलीस आणि कृष्णवर्णीय तरुण यांच्यात मोठी दंगल झाली. वंशभेदाविरुद्धचा रेस रिलेशन्स कायदाही त्याच सालचा. लिझीचा भूतकाळ या वातावरणातून आला आहे.

समलिंगी संबंधांबाबत इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ चा कायदा होता. २१ वर्षांवरच्या दोन पुरुषांनी खासगीत ठेवलेले संबंध तेवढे गुन्ह्यातून वगळलेले. म्हणजे वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो अजूनही गुन्हाच. ही वयाची अट १९९४ मध्ये १८ वर आली. ज्या माणसांचं तारुण्य या कायद्याखाली गेलं, त्यांनी काय काय पोटात दडवलं असेल, हे मालिका पाहताना सतत मनात राहतं.

आणि बेघर. रस्त्यावर आलेल्या कुटुंबांना घर देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकणारा कायदा आला १९७७ मध्ये, आणि त्यातही एकट्या, धडधाकट तरुणाचा नंबर फार मागे. जिमीसारखा घर सोडून आलेला मुलगा हॉस्टेलमधून एका सकाळी दिसेनासा झाला तर कुणी चौकशी करावी? गेला असेल दुसरीकडे, एवढं म्हणून विषय संपायचा. त्याचं नाहीसं होणं कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही, म्हणूनच तो इतकी वर्षं त्या जमिनीखाली राहिला.

नुसत्या हाडांवरून ती किती जुनी आहेत हे खरंच कळतं का?

डोळ्यांनी पाहून नाही. दमट मातीत हाडं पाच-दहा वर्षांत जुनाट दिसू लागतात आणि कोरड्या जागी शंभर वर्षांची हाडंही बरी राहतात. म्हणून सांगाडा सापडला की आधी आजूबाजूच्या वस्तू पाहतात: बटण, चेन, कापडाचा धागा, नाणं, बुटाचा तळवा. मालिकेत किल्ली मिळते, हे त्यामुळे पटण्यासारखं आहे. धातू टिकतो.

प्रयोगशाळेत एक विलक्षण पद्धत वापरतात. १९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी खुल्या हवेत इतके अणुस्फोट केले की वातावरणातल्या कार्बन-१४ चं, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सर्गी प्रकाराचं, प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर ते हळूहळू उतरत गेलं. त्या काळात वाढलेल्या प्रत्येक माणसाच्या शरीरात खाण्यापिण्यातून हा कार्बन गेला. दाताचं एनॅमल एकदा तयार झालं की बदलत नाही, त्यामुळे ते तयार झालं त्या वर्षांतलं हवेतलं प्रमाण त्यात कायमचं नोंदलं जातं. त्यावरून माणूस साधारण कधी जन्मला हे सांगता येतं. अणुचाचण्या करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल की त्यांच्यामुळे एके दिवशी बेपत्ता माणसांची ओळख पटेल.

मृत्यूच्या वेळचं वय काढायला हाडांची टोकं पाहतात. वाढत्या वयात लांब हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये कूर्चेचा थर असतो. वाढ पूर्ण झाली की तो हाडात रूपांतरित होतो आणि टोक दांड्याला सांधलं जातं. कोपर, घोटा, गुडघा, खांदा अशी प्रत्येक ठिकाणची वेळ ठरलेली. हासळीच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी, विशीच्या उत्तरार्धापर्यंत सांधत राहतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा सांगाडा तज्ज्ञासमोर ठेवला की काही सांधे जुळलेले, काही अर्धवट, काही अजून उघडे असं दिसतं. वाढायचा राहिलेला पोरगा आहे, हे कवटीकडे न पाहताही कळतं.

आणि मार कधीचा, तेही. जिवंत हाडात ओलावा असतो, ते तिरकं, गुळगुळीत कडेने तुटतं. सुकलेलं हाड फावड्याचा किंवा यंत्राचा दणका बसून तुटलं तर आडवं, खरबरीत तुटतं आणि तुटलेली कड बाकीच्या हाडापेक्षा फिकी दिसते. पाडकामाच्या जागी सापडलेल्या सांगाड्याच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा, कारण कवटीला तडा गेला आहे एवढ्यावरून खून ठरत नाही.

एकोणचाळीस वर्षांनी खुनाचा खटला चालू शकतो? मुदत संपत नाही?

इंग्लंडमध्ये खुनाला मुदत नाही. आरोपी जिवंत असेल आणि पुरावा पुरेसा असेल तर कितीही वर्षांनी खटला भरता येतो. पुरावा पुरेसा आहे का, हे पोलीस ठरवत नाहीत. ते काम क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिसचं, म्हणजे सरकारी वकिलांच्या संस्थेचं. मालिकेत कॅसीच्या हातात गोष्ट जुळत आली तरी ती थांबून विचार करते, ते याचसाठी. साक्षीदार मेलेले, कागद हरवलेले, जिवंत असलेल्यांची आठवण अंधुक, आणि बचाव पक्षाचा वकील यातल्या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवणार.

एकदा निर्दोष सुटलेल्याला पुन्हा उभं करता येतं का?

शेकडो वर्षं येत नव्हतं. हा नियम बदलण्यात एका आईचा मोठा वाटा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

नोव्हेंबर १९८९ मध्ये इंग्लंडच्या ईशान्येकडच्या बिलिंगहॅम गावातून ज्युली हॉग ही तरुणी बेपत्ता झाली. पोलिसांनी तिचं घर तपासलं, काही मिळालं नाही. तीन महिन्यांनी तिच्या आईला, अ‍ॅन मिंग यांना, त्याच घरात बाथटबच्या फळीमागे मुलीचा मृतदेह सापडला. आरोपीवर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि १९९१ मध्ये तो सुटला. पुढे वेगळ्या गुन्ह्यासाठी तुरुंगात असताना त्याने स्वतःच्या तोंडाने या खुनाची कबुली दिली. शिक्षा झाली ती फक्त कोर्टात खोटं बोलल्याची, कारण त्याच खुनासाठी त्याला पुन्हा उभं करण्याची कायद्यात सोय नव्हती.

अ‍ॅन मिंग यांनी मंत्री, खासदार, कायदा आयोग, कुणालाही सोडलं नाही. २००३ च्या क्रिमिनल जस्टिस कायद्याने गंभीर गुन्ह्यांत नवा आणि सबळ पुरावा मिळाल्यास पुन्हा खटला चालवण्याची मुभा दिली, ती २००५ पासून अमलात आली. २००६ मध्ये त्या माणसाने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली. मॉरीनचं पात्र पाहताना मला अ‍ॅन मिंग आठवतात.

प्रत्यक्षात इतके जुने खून उघडकीस येतात का?

येतात, आणि कधीकधी मालिकेच्या लेखकालाही सुचणार नाही अशा पद्धतीने.

फेब्रुवारी १९८८ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ शहरात लिनेट व्हाइट या तरुणीचा खून झाला. १९९० मध्ये तिघा जणांना जन्मठेप झाली. १९९२ मध्ये अपील कोर्टाने त्यांना सोडलं. ते तिघं निरपराध होते. अनेक वर्षांनी शास्त्रज्ञ पुन्हा त्या खोलीपर्यंत पोचले. मधल्या काळात तिथे रंगकाम झालं होतं. भिंतीच्या पायथ्याशी असते ती लाकडी पट्टी काढून त्यांनी रंगाचे थर एकेक करून खरवडले आणि खालच्या थराखाली रक्त मिळालं. सिगारेटच्या पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनावर मिळालेल्या रक्ताशी ते जुळलं.

डीएनए तर मिळाला, पण माणूस राष्ट्रीय डेटाबेसमध्ये नव्हता. थोडाफार जुळणारा एकच नमुना निघाला, तो एका चौदा वर्षांच्या मुलाचा. खून झाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्याच्या कुटुंबातली माणसं तपासत पोलीस एका नातेवाइकापर्यंत पोचले. त्याने २००३ मध्ये गुन्हा कबूल केला. खऱ्या गुन्हेगाराला पकडण्याइतकंच मोलाचं काम त्या रक्ताने केलं: ज्यांच्याकडे लोक संशयाने बघत होते, त्या माणसांवरचा डाग पुसला.

दुसरं प्रकरण स्टीफन लॉरेन्सचं. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनच्या एल्थम भागात बसची वाट पाहणाऱ्या या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला टोळक्याने भोसकलं. पोलिसांच्या तपासावर सरकारी चौकशी समितीने अत्यंत कठोर ताशेरे ओढले. जप्त केलेले कपडे पुन्हा तपासल्यावर एका जॅकेटच्या कॉलरवर अर्ध्या मिलिमीटरचा रक्ताचा ठिपका सापडला आणि जानेवारी २०१२ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. ते कपडे कुणीतरी नीट गुंडाळून, क्रमांक टाकून ठेवले होते. जुन्या प्रकरणांत बुद्धीपेक्षा अशा सांभाळून ठेवण्यावर जास्त भिस्त असते, असं माझं मत झालं आहे.

मग मालिका कुठे सूट घेते?

वेळेत. भिजून एकमेकांना चिकटलेली डायरीची पानं सुटी करणं, हाडांतून डीएनए काढणं, चाळीस वर्षांपूर्वीच्या हॉस्टेलच्या नोंदी शोधणं, या प्रत्येकाला आठवडे आणि महिने लागतात. इथे सगळं भराभर हाती येतं. शिवाय वरिष्ठ अधिकारी खर्चाबद्दल कुरकुर करत असूनही कॅसीला इतकी माणसं मिळतात, हेही जरा दयाळूच. संशयिताच्या घरी जाऊन होणाऱ्या गप्पा मालिकेत जास्त आहेत. प्रत्यक्षात रीतसर चौकशी ध्वनिमुद्रित होते, वकील हजर असतो, आणि गप्प बसण्याच्या हक्काची जाणीव आधी द्यावी लागते. हे प्रसंगही मालिकेत आहेत आणि ते चांगले लिहिले आहेत.

आपल्याकडे अशा प्रकरणांचं काय होतं?

महाराष्ट्रात गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळत नाही, असं झालं की पोलीस कोर्टात ‘ए समरी’ पाठवतात. तक्रारच खोटी निघाली तर ‘बी’, आणि खरीही नाही, मुद्दाम खोटीही नाही, गैरसमजातून दिलेली असेल तर ‘सी’. ‘ए समरी’ मंजूर झाली म्हणजे प्रकरण कायमचं मिटलं असा समज आहे, तो चुकीचा. नवा धागा मिळाला तर पुढील तपास करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती सोय कलम १७३ (८) मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. खुनाला मुदत आपल्याकडेही नाही. मात्र रीतसर निर्दोष सुटका होऊन ती कायम झाली, तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. इंग्लंडसारखा अपवाद आपण केलेला नाही.

अनोळखी मृतदेह सापडला की अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, नमुने प्रयोगशाळेत जातात. एका पोलीस ठाण्याच्या दप्तरी अनोळखी मृतदेह आणि दुसऱ्या ठाण्याच्या दप्तरी बेपत्ता व्यक्ती, आणि या दोन नोंदींची गाठच पडत नाही, ही खरी अडचण. रायगडच्या पेण तालुक्यात मे २०१२ मध्ये सापडलेल्या अवशेषांचा शीना बोरा प्रकरणाशी संबंध लागला तो २०१५ मध्ये, आणि तोही एका वेगळ्याच गुन्ह्यात अटक झालेल्या माणसाच्या चौकशीतून. त्या खटल्यातल्या बाजूंबद्दल मी इथे काही म्हणत नाही. अवशेष सापडल्यावर तीन वर्षं त्यांना नाव नव्हतं, एवढंच लक्षात आणून देतो.

सत्तरी-ऐंशीच्या माणसांना आता अटक करून काय मिळतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मालिका तो टाळत नाही. चारही संशयितांनी मधल्या काळात काही ना काही चांगलं केलं आहे. कुणी नातवंडांत रमलेला, कुणी शेकडो मुलांना मार्गाला लावलेली. कायद्याकडे याची उत्तरं आहेत. खुनाची शिक्षा जन्मठेपच, वय झालं म्हणून ती बदलत नाही. आरोपीला खटला समजण्याइतकी मानसिक क्षमता उरली नसेल तर नेहमीचा खटला चालत नाही. त्याने ते कृत्य केलं की नाही, एवढं ज्यूरी ठरवते आणि पुढे तुरुंगाऐवजी उपचाराचे किंवा देखरेखीचे आदेश निघू शकतात.

माझं स्वतःचं उत्तर मॉरीनकडे पाहून ठरलं. जिमी सतरा वर्षांचा होता. त्याला नोकरी, लग्न, पोरंबाळं, म्हातारपण यातलं काही मिळालं नाही. ज्याने त्याला मारलं त्याला हे सगळं मिळालं. आईला निदान काय घडलं ते कळावं, मुलाला स्वतःच्या नावाने पुरता यावं, एवढं मागण्याचा तिला हक्क आहे आणि समोरच्याचं वय कितीही असलं तरी तो हक्क कमी होत नाही. ज्यांना एरिक किंवा लिझीची दया येते, त्यांच्याशी मी भांडणार नाही. ती मलाही आली.

घरी सगळ्यांसोबत बसून पाहता येईल का?

मोठ्यांसोबत खुशाल. रक्तपात जवळजवळ दाखवलेला नाही. पण लैंगिक शोषण, वर्णद्वेष, डिमेन्शिया असे विषय आहेत, बोलणं मोठ्यांचं आहे. शाळकरी मुलांसाठी नाही. घरात विस्मरणाचा आजार असलेलं कुणी असेल तर क्लेअरचे प्रसंग जड जातील, हे आधीच माहीत असलेलं बरं.

इंग्रजी उच्चार काही पात्रांचे कठीण आहेत. सबटायटल लावा.

दुसरा सीझन आधी पाहिला तर चालेल?

प्रकरण वेगळं असल्याने कळायला अडचण येणार नाही. दुसऱ्यात ली नदीत सुटकेस सापडते, तिसऱ्यात एका मोटरवेच्या कामात २००० सालच्या पूर्वसंध्येला हरवलेल्या मुलीचे अवशेष मिळतात. पण कॅसीचं आणि तिच्या वडिलांचं नातं, आणि या कामाचा तिच्यावर साचत जाणारा भार, हे पहिल्यापासून क्रमाने वाढत जातं. चौथ्या सीझनच्या शेवटी जे होतं त्याचा धक्का नीट बसायचा असेल तर क्रम मोडू नका. पाचव्यापासून सनीसोबत नवी अधिकारी येते, सिनेड कीनन यांनी केलेली जेसिका जेम्स, आणि त्या दोघांचं सुरुवातीला अजिबात पटत नाही. तिथेही आधीचे चार सीझन पाहिले असतील तरच सनी असा का वागतो ते उमगतं.